देवनागरीची अक्षरजुळणी आणि परकी यंत्रे



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यान द्यावयाचे म्हणजे तो एखाद्या संतकवीवर किंवा एखाद्या वाङ्मयप्रकारावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. मी विषय घेतला आहे तो छापखान्यातील एका तक्रारीचा. पुस्तकाचे पान रचण्यासाठी जे महागडे संगणकीय कार्यक्रम जगभर वापरले जातात, ते इंग्रजी मजकूर दिला की झरझर चालत आणि मराठी मजकूर दिला की अडखळत. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे, रफार डोक्यावर चढण्याऐवजी आपल्या जागीच पाय मोडून बसे, जोडाक्षरे फुटत. १९९०च्या सुमारापासून पुढे दोन तपे ही तक्रार मी पुणे-नागपूरच्या प्रकाशकांकडून ऐकली, तशीच आपल्या बालाघाटच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानदाराकडूनही ऐकली. वरवर पाहता ही कारागिरांची कुरबुर आहे. परंतु तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि एका पिढीने मराठीत लिहिलेले पुढच्या पिढीला वाचता येणार की नाही, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

मुळात अडचण कोठे आहे ते प्रथम पाहू. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक, एका ओळीत, परस्परांना स्पर्श न करता उभी राहतात. शिशाचा एक खिळा ठेवला, त्याच्या शेजारी दुसरा ठेवला, की शब्द तयार. देवनागरीत व्यंजनाच्या भोवती चारी दिशांनी चिन्हे येतात. काना उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे, मात्रा आणि अनुस्वार वर, उकार खाली. शिवाय दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळून तिसरीच आकृती धारण करतात. त्या सर्वांना बांधणारी शिरोरेषा मध्येच तुटून चालत नाही. जे यंत्र पहिल्या प्रकारच्या लिपीसाठी घडविले गेले, ते दुसऱ्या प्रकारच्या लिपीपुढे उभे केले की काय होते, याच कथेची आवृत्ती आपल्याकडे पुन्हा पुन्हा निघालेली आहे.

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, ते देवनागरी खिळ्यांत. त्यांचाच मराठी शब्दकोश १८१० मध्ये निघाला, तो मात्र मोडी खिळ्यांत. म्हणजे आरंभी मोडीलाही छापखान्याचे दार उघडे होते. पण मोडी ही लेखणी न उचलता धावत जाणारी लिपी. तिचे सुटे सुटे तुकडे पाडले की तिचा प्राणच जातो. पुढे मराठीचे छापील जग बाळबोधीने व्यापले आणि मोडी दप्तरापुरती उरली, तेथूनही हळूहळू नाहीशी झाली. त्याला इंग्रजी अंमलाचे आणि शाळाखात्याचे धोरण कारण झालेच. परंतु यंत्राला न मानवणे हेही एक कारण होते, आणि माझ्या मते ते किरकोळ नव्हते. आज नागपूरकर भोसल्यांचे कागद वाचायचे तर मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. आपला हा वैनगंगेकाठचा मुलूख १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करीपर्यंत त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. मोडीचा हा दाखला मी मुद्दाम आधी दिला आहे. पुढे तो पुन्हा लागेल.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाछपाईत खिळ्यांचा प्रश्नच येत नाही. लेखकाच्या हातचे अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरते. यंत्राशी तडजोड न करता छापण्याची ती युक्ती होती, आणि आपल्याकडे पोथ्यापंचांगांसाठी ती दीर्घकाळ टिकली, यात नवल नाही. गणपत कृष्णाजी पुढे स्वतः खिळे पाडण्याकडेही वळले. त्यानंतरचे मोठे नाव जावजी दादाजी यांचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेल्या या माणसाने १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक खिळ्यांत छापलेले संस्कृत ग्रंथ भारताबाहेरच्या विद्वानांच्या मेजांवरही पोहोचले. निर्णयसागरने लिपी वाकविली नाही, खिळेच वाढविले. रोमनचे काम शे-दीडशे खिळ्यांत भागते. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे कित्येक शे खणांच्या केसेस मांडलेल्या असत, आणि कोणत्या खणात कोणते जोडाक्षर आहे ते त्याच्या बोटांना पाठ असे. किती ही मेहनत! पण पान शुद्ध निघे.

हाताची जुळणी जाऊन कळांची यंत्रे आली तेव्हा हा मार्ग बंद झाला. लायनोटाइप यंत्राला नव्वद कळा. त्या नव्वदांत आपली सारी बाराखडी आणि जोडाक्षरे बसवायची कशी? न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या हरि गोविंद गोविल यांनी १९३३ मध्ये लायनोटाइपसाठी देवनागरी सिद्ध केली, ती अक्षरांचे अर्धे भाग वेगळे काढून आणि ते पुन्हा जोडून. याच काळात आपल्याकडे लिपिसुधारणेच्या चळवळीला भर आला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटविण्याच्या प्रश्नात त्यापूर्वीच लक्ष घातले होते. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या मोहिमेत अ ची बाराखडी पुढे मांडली. १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने तर पहिली वेलांटी डावीकडून उचलून, आखूड करून, उजवीकडे द्यावी असा निर्णय केला. लोकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. या सुधारकांचा हेतू शुद्ध होता, त्यांची विद्वत्ता वादातीत होती. तरीही एक गोष्ट खटकते. यंत्र बदलण्याची भाषा फार थोड्यांनी केली. लिपी बदलण्याची भाषा पुष्कळांनी केली.

बालाघाटपुरते सांगायचे तर आपला जिल्हा १८६७ मध्ये झाला आणि १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. प्रांताच्या राजभाषा हिंदी आणि मराठी अशा दोन होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. मराठी छपाईच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता. गावातले छापखाने हिंदीसाठी सजले आणि मराठी पुस्तिका काढायची तर मजकूर गोंदियाला किंवा नागपूरला न्यायचा. मुद्रिते घेऊन छोट्या रेल्वेने गोंदियाला गेलेली माणसे आजही या सभागृहात बसलेली असतील.

आता संगणकाकडे वळतो. १९८५ मध्ये ॲल्डस या अमेरिकन कंपनीचा पेजमेकर हा कार्यक्रम ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी निघाला, आणि पुढे विंडोजवर आला. टेबलावर बसून अख्खे पान रचता येऊ लागले. ज्याला आपण सारे डीटीपी म्हणतो ते हेच. १९९०नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडचे शिशाचे खिळे भंगारात गेले ते याच्यामुळे. पण या कार्यक्रमाची घडण इंग्रजीची. एका टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, २५६ पेक्षा अधिक खण नाहीत, आणि त्यांतही काही संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी राखलेले. ज्या लिपीला पूर्वी शेकडो खण लागत, तिला पुन्हा या चौकटीत शिरायचे होते.

आपल्या तंत्रज्ञांनी मार्ग काढला, आणि तो हुशारीचा होता हे मान्य केले पाहिजे. त्यांनी रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे ठेवले. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत. पडद्यावर दिसे मराठी. पुण्याची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश हे टंक, आणि आपल्या मध्य प्रदेशात घरोघर पोहोचलेला कृतिदेव, हे सारे याच पद्धतीचे. कृतिदेवात आपण 'कमल' हा शब्द लिहितो, तेव्हा संगणकाच्या पोटात साठतात ती डी, ई आणि वाय ही तीन इंग्रजी अक्षरे. टंक बदलला की कमल नाहीसे होते आणि तीन निरर्थक अक्षरे उरतात. दुसऱ्या कंपनीच्या टंकात तुकड्यांचा क्रम दुसरा, त्यामुळे एका छापखान्याचा मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला तर गिचमीड दिसे. शब्द शोधता येत नसत. अकारविल्हे लावायला सांगितले तर संगणक डी-ई-वायच्या क्रमाने लावी. कोशकाराने करायचे काय? त्यातच काही कार्यक्रम चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे एक लहानसे कुलूप लावावे लागे. ते हरवले, की विकत घेतलेले मराठीही बंद.

त्या दिवसांतला एक अनुभव सांगतो. एका स्मरणिकेची मुद्रिते मी तपासत होतो. जुळणी करणारा तरुण हिंदीत तरबेज, हाताचा वेगवान. मराठी वाचायला अडखळणारा. त्याच्या टंकात मराठीचा चंद्राकृती र नव्हता. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून टंक करणाऱ्याने त्याला खण दिला नव्हता. आता मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात विद्यादान करणारे गुरू आहेत, दुसऱ्यात पंगतीचा स्वयंपाक करणारे. स्मरणिकेत दोघांचेही आभार मानलेले होते, आणि मुद्रितात दोघांनाही एकच पदवी मिळाली होती. मी खूण केली. पुढच्या मुद्रितात त्या तरुणाने इंग्रजी संयोगचिन्ह किंचित वर उचलून य च्या अलीकडे बसविले होते. लांबून पाहता ते बरोबर दिसले आणि स्मरणिका तशी छापली गेली.

ही युक्ती त्या एकट्याची नव्हती. मराठी छापखान्यांत ती सर्रास चाले. तिचे फळ पुढे दिसले. तो मजकूर नव्या पद्धतीत बदलून घेतला गेला तेव्हा वर उचललेले संयोगचिन्ह खाली उतरले आणि शब्दाचे दोन तुकडे पडले. 'करणाऱ्या' चे 'करणा-या' झाले, 'वाऱ्यावर' चे 'वा-यावर' झाले. महाराष्ट्रातल्या कार्यालयीन कागदांत आणि संगणकावर ठेवलेल्या कितीतरी मराठी मजकुरांत असे शब्द पुढे वर्षानुवर्षे दिसत राहिले. विद्यार्थी आता ते पाहून तसेच लिहितात, ही माझी खरी तक्रार आहे. यंत्रातली उणीव अशा रीतीने शुद्धलेखनात शिरते.

यावर उपाय नव्हता काय? होता, आणि तो आपल्याच देशात झालेला होता. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. त्यामागचा विचार मूलगामी होता. अक्षराचा तुकडा साठवू नका, अक्षर साठवा. त्याला आकार देण्याचे काम संगणकाला करू द्या. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच सांकेतिक क्रम देणारी इस्की ही पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेला होता. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला या पद्धतीचे कौतुक वाटावे असे एक कारण आहे. ती उच्चाराचा क्रम पाळते. 'विद्यार्थी' हा शब्द तिच्यात व, वेलांटी, द, पायमोडणी, य, काना, र, पायमोडणी, थ, वेलांटी अशा दहा खुणांनी साठतो. वेलांटी व च्या डावीकडे नेणे, द आणि य यांचे जोडाक्षर करणे, र ला रफार करून थ वर चढविणे, हे सारे पान दाखविणाऱ्या कार्यक्रमाने करायचे.

आणि नेमके तेच पान रचण्याच्या कार्यक्रमांना येत नव्हते. २००० मध्ये विंडोजच्या नव्या आवृत्तीत देवनागरी आली. तिच्यासोबतचा मंगल हा टंक र. कृ. जोशी यांनी घडविला होता. १९३६ मध्ये जन्मलेले आणि २००८ मध्ये निवर्तलेले जोशी हे अक्षरकार म्हणून जगाला ठाऊक आहेत. मराठी वाचकाने त्यांना कवी म्हणूनही ओळखावे. तेव्हापासून कार्यालयातला साधा कारकून साध्या लेखनाच्या कार्यक्रमात 'विद्यार्थी' अचूक लिहू लागला. पण तोच मजकूर छापखान्यात गेला की मोडे. पेजमेकरला युनिकोड मुळीच कळत नव्हते. १९९४ मध्ये तो ॲडोबीकडे गेला होता आणि २००१ मध्ये त्याची सातवी व अखेरची आवृत्ती निघाली. त्याच्या जागी १९९९ पासून आलेला इनडिझाइन युनिकोड साठवू शके, पण जुळणी मात्र साठवलेल्या क्रमाने करी. संगणकाने शिकून घेतलेली देवनागरी तो वापरत नसे, कारण त्याची जुळणीची व्यवस्था स्वतंत्र होती. त्यामुळे वेलांटी व च्या उजवीकडे राही, र पाय मोडून जागीच बसे. फुकटात मिळणाऱ्या कार्यक्रमाला जे साधे, ते हजारो रुपयांच्या कार्यक्रमाला साधत नसे! मग लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर छापखाना जुन्या टंकात बदलून घेई, त्या बदलात नव्या चुका शिरत, आणि मुद्रितशोधकाने एकदा शुद्ध केलेले पुन्हा तपासायचे. भारतीय लिप्यांची जुळणी इनडिझाइनमध्ये उघडपणे उपलब्ध झाली ती २०१२च्या आवृत्तीत. १९९१ ते २०१२, एकवीस वर्षे.

या विलंबाचा सारा दोष परदेशी कंपन्यांवर टाकणे मला पटत नाही. त्यांनी बाजार पाहिला. भारतात त्यांच्या कार्यक्रमांच्या चोरट्या प्रतीच अधिक चालत, तेथे त्यांनी कोणासाठी घाई करावी? आपल्याकडे राष्ट्रीय मानक तयार असताना प्रत्येक टंकनिर्मात्याने स्वतःचा क्रम जपला, कारण त्या क्रमात गिऱ्हाईक अडकून राही. शासनाने मानक जाहीर केले, पण स्वतःची छपाई त्या मानकाने करून घेण्याचा आग्रह वेळेवर धरला नाही. मराठीच्या खास गरजा तर आणखी मागे राहिल्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. ल आणि श यांची मराठी वळणे कोणती, हे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ठरवून दिले. तरी अनेक टंकांत हिंदी वळणाचेच ल आणि श येत राहिले. भाषेचे प्राध्यापक या सर्व काळात काय करीत होते, असे मला विचाराल तर उत्तर असे की आम्ही प्रमाणभाषा आणि बोली यांवर परिसंवाद भरवीत होतो. टंक हा कारागिराचा प्रश्न आहे, असे बहुतेकांना वाटे.

आज स्थिती सुधारली आहे. नव्या आवृत्तीत योग्य ती निवड केली की मराठी पान नीट जुळते, आणि देखणे युनिकोड टंक विनामूल्य मिळतात. तरीही लहान गावांतल्या छापखान्यांत जुना संगणक ठेवलेला असतो. विंडोज एक्सपी ही प्रणाली, जिचा सांभाळ तिच्या निर्मात्यांनी २०१४ मध्येच सोडला, आणि तिच्यावर पेजमेकर. नव्या यंत्रावर तो धड चालत नाही म्हणून जुने यंत्र जपायचे. मालकाला हसू नये. त्याची पंचवीस वर्षांची गिऱ्हाइके, त्यांच्या पत्रिका, पावत्या, स्मरणिका त्या एका यंत्रात आहेत, आणि ते बंद पडले तर त्या वाचणारे दुसरे काही त्याच्यापाशी नाही.

येथे मोडीचा दाखला पुन्हा आठवावा. भोसल्यांचा कागद आज आपल्याला वाचता येत नसला तरी मोडी शिकता येते. तिची अक्षरे कागदावर आहेत, आणि २०१४ मध्ये तिलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. १९९५ साली एखाद्या टंकात जुळवलेल्या मराठी मजकुराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पोटात मराठी अक्षरे नाहीतच, इंग्रजी खुणा आहेत, आणि त्या कोणत्या टंकाच्या हे ठाऊक नसेल तर त्यातून मराठी बाहेर काढणे महाकठीण. दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रापेक्षा तीस वर्षांपूर्वीचा लेख अधिक दुर्बोध व्हावा, हे विचित्र आहे खरे.

आपल्या शाळेने काढलेल्या या व्याख्यानमालेच्या पुस्तिका घ्या. खिळ्यांवर छापलेल्या जुन्या पुस्तिका कपाटात आहेत. त्यांची शाई फिकी झाली तरी त्या वाचता येतात. त्यानंतरच्या डीटीपीवरच्या पुस्तिकांच्या थोड्या प्रती उरल्या आहेत आणि त्यांचा मजकूर फ्लॉपींवर व तबकड्यांवर आहे. त्यांवर तारीख आहे, बिलाचा क्रमांक आहे. टंकाचे नाव कोणीही लिहिलेले नाही. ज्या छापखान्यांनी त्या जुळवल्या त्यांतले जुने कामगार अजून गावात आहेत, तोवर त्यांना विचारून प्रत्येक तबकडीवर टंकाचे नाव लिहून घ्यावे, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. प्रसिद्ध टंकांतून युनिकोडमध्ये मजकूर बदलून देणारे कार्यक्रम आता मिळतात. बदललेला मजकूर छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावा लागेल, विशेषतः ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि जोडाक्षरांच्या जागी. ज्यांची तबकडी उघडत नाही त्या पुस्तिका नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा लिहून काढाव्यात. या कामाला निदान दोन मुद्रितशोधक लागतील. त्यांपैकी एकाची जागा मी आजच मागून ठेवतो.